वाचू नका, सांगा

"वाचतेस तं चांगलं वं, पण माह्याशी बोलत नाहीस."

अकोल्याच्या माझ्या आजीनं फोनवर हे सांगितलं, तोपर्यंत मी तिला सव्वीस व्हॉइस नोट पाठवल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी तिची नजर अधू झाली. आधी मोठं भिंग आलं, मग भिंगानंही भागेना. दिवाळी अंक संपादकीयापासून शेवटच्या पानावरच्या जाहिरातीपर्यंत वाचणारी बाई ती. म्हणून मी ठरवलं, रोज रात्री एक कथा किंवा लेख मोबाइलवर रेकॉर्ड करून तिला पाठवायचा. ती प्रत्येक वेळी "छान" म्हणायची. मामानं मात्र नंतर हळूच सांगितलं की दोन मिनिटं ऐकून ती फोन उशीखाली सरकवते आणि रेडिओ लावते.

मला वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. इंग्रजी घेऊन बीए केलं, शब्दांवरच पोट भरते, शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं मिळवली, आणि माझीच आजी मला बंद करून रेडिओ ऐकते! पण सव्वीसपैकी एक रेकॉर्डिंग मी स्वतः कानाला लावलं तेव्हा तिचं म्हणणं पटलं. कथेतली सून चुलीपुढे बसून रडतेय आणि माझा आवाज मात्र "पुढील स्थानक राजीव चौक" असा येतोय.

तुमच्यापैकी बरेच जण हल्ली आवाजाचं काही ना काही काम करतात. कुणी रेसिपीच्या रीलवर बोलतं, कुणी शाळेच्या गॅदरिंगचं निवेदन करतं, कुणी नातवासाठी गोष्टी रेकॉर्ड करतं, तर कुणाला व्हॉइसओव्हरचं काम करून चार पैसे मिळवायचे असतात. सगळ्यांची तक्रार एकच: बोलताना आपण ठीक असतो, हातात कागद आला की कुणी तरी परकं बोलायला लागतं. म्हणून या वेळी त्यावर.

आधी स्वतःचा आवाज सहन करा

रेकॉर्ड केलेला स्वतःचा आवाज जवळपास कुणालाच आवडत नाही. त्याचं कारण साधं आहे. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज हवेतून कानात येतो, तसाच कवटीच्या हाडांमधूनही आतल्या कानापर्यंत पोचतो. हाडांतून येणारा आवाज जास्त खर्जातला, भरदार असतो. रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतला आवाज असतो, म्हणून तो आपल्याला पातळ आणि चिरका वाटतो. पण घरच्यांना तुमचा तोच आवाज माहीत आहे, त्यात त्यांना काही खटकत नाही.

घोटाळा इथूनच सुरू होतो. आवाज पातळ वाटला की माणूस तो मुद्दाम जाड करायला जातो. घसा दाबून, छाती काढून, बातम्या देणाऱ्यासारखा. मीही केलं. आठ-दहा दिवस स्वतःची रेकॉर्डिंग रोज ऐका, इतकंच सांगेन. काही सुधारायचं नाही, नुसतं ऐकायचं. कान सरावतो आणि मग आवाज बदलायची खुमखुमी आपोआप कमी होते.

मेट्रोचा आवाज आणि माणसाचा आवाज

आमच्या मयूर विहार फेज वनचं स्टेशन ब्लू लाइनवर 2009 मध्ये सुरू झालं आणि 2018 च्या शेवटी तिथे पिंक लाइनही आली. मी रोज तिथून जाते. दिल्ली मेट्रोतला हिंदी आवाज शम्मी नारंग यांचा आणि इंग्रजी आवाज रिनी सायमन खन्ना यांचा. दोघंही दूरदर्शनचे जुने वृत्तनिवेदक. आजी झाल्यापासून, म्हणजे आजीचा तो फोन झाल्यापासून, मी त्या घोषणा लक्ष देऊन ऐकायला लागले. त्यात प्रत्येक शब्द सुटा असतो, वेग सारखा असतो, भावना जवळजवळ नसते. आणि ते अगदी बरोबर आहे. गर्दीत, चाकांच्या खडखडाटात, कानात हेडफोन घातलेल्या माणसालाही दरवाजा डावीकडे उघडणार की उजवीकडे हे कळायला हवं. तिथे जवळीक दाखवली तर लोक चुकीच्या बाजूला उभे राहतील!

रेल्वे स्थानकांवरच्या घोषणा तर तुकडे जोडूनच तयार होतात. गाडीचा क्रमांक एकेका आकड्यानं, मग गावाचं नाव, मग फलाटाचा क्रमांक. प्रत्येक तुकडा वेगळा रेकॉर्ड केलेला, म्हणून चाल मध्येच तुटते. आपण कागदावरून वाचतो तेव्हा नेमकं हेच होतं. डोळा एकेक शब्द उचलतो, तोंड तो टाकतं, आणि वाक्याचा अर्थ कुणाच्याच हातात राहत नाही.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: इथे सहजता हवी आहे का? बँकेच्या फोनवरचं "मराठीसाठी दोन दाबा" स्पष्ट हवं, लाडिक नको. बातमी तटस्थ हवी. अनेक वर्षं मराठी बातमीपत्र दिल्लीहून प्रसारित व्हायचं. दत्ता कुलकर्णी यांचा आवाज तेव्हा महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचला होता. त्या आवाजात भारदस्तपणा होता आणि तो त्या कामाला शोभायचा. माझी चूक अशी की बातमीचा तो साचा मी सुनेच्या रडण्यालाही लावला. मुंबई दूरदर्शनचे प्रदीप भिडे 2022 मध्ये गेले. बातम्या तर त्यांनी वर्षानुवर्षं दिल्याच, पण असंख्य जाहिराती आणि माहितीपटांनाही आवाज दिला. काम बदललं की आवाजाचा पवित्राही बदलावा लागतो.

कागद डोळ्यांसाठी असतो

आता मुद्द्याचं. आवाज नैसर्गिक होत नाही त्याचं निम्मं कारण घशात नसतं, कागदावर असतं.

माझ्या कामात रोज अशा स्क्रिप्ट येतात: "सदर उत्पादनाचा नियमित वापर केल्याने आपल्या त्वचेस आर्द्रता प्राप्त होते." जगातला कुठलाही कलाकार हे वाक्य सहज बोलून दाखवू शकणार नाही, कारण कुठलाही माणूस असं बोलत नाही. "हे रोज लावलं की त्वचा कोरडी पडत नाही" असं लिहिलं तर आवाजाला काही करावंच लागत नाही. यातली बरीच वाक्यं इंग्रजीतून घाईनं उतरवलेली असतात आणि मराठीचा फक्त सदरा घालून येतात. (हे पाप मीही केलेलं आहे. महिनाअखेरीला जास्त.)

मराठीत तर एक सोपी किल्ली आहे. छापील मजकुरात "तिने सांगितले, पाणी उकळले, मुले झोपली" असं असतं. बोलताना आपण "तिनं सांगितलं, पाणी उकळलं, मुलं झोपली" म्हणतो. शेवटचा "ए" काढून तिथे अनुस्वार आणलात की अर्धी इस्त्री उतरते. कथा, रेसिपी, रील, मुलांची गोष्ट, सगळीकडे हे करा. सरकारी सूचना किंवा श्रद्धांजली असेल तर "सांगितले" राहू द्या. आणि पैसे घेऊन काम करत असाल तर मंजूर झालेली स्क्रिप्ट परस्पर बदलू नका. "हे असं बोललं तर जास्त सहज वाटेल, चालेल का?" असं आधी विचारा. बहुतेक वेळा चालतं. औषधाच्या किंवा विम्याच्या मजकुरात चालत नाही, तिथे प्रत्येक शब्द वकिलानं तपासलेला असतो.

आकड्यांकडे लक्ष द्या. 2,500 दिसलं की यंत्र "दोन हजार पाचशे" म्हणतं. तुमची आई "अडीच हजार" म्हणेल. दीड, सव्वा, पावणेपाच, साडेतीन हे शब्द वापरणारा माणूस घरचा वाटतो. दिल्लीत वाढलेल्या आपल्या मुलांना 59 म्हटलं की "उनसठ" आधी आठवतं आणि "एकोणसाठ" म्हणायला सेकंदभर थांबावं लागतं. तो सेकंद रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतो. सोपा उपाय म्हणजे कागदावर आकडा अक्षरात लिहून घ्या.

सोप्या बोलीचा विषय निघाला की अमीन सायानी आठवतात. रेडिओ सिलोनवर 1952 मध्ये त्यांची गीतमाला सुरू झाली आणि पुढे कित्येक दशकं चालली. 2024 मध्ये ते गेले. त्यांच्या आई कुलसुम सायानी नवसाक्षरांसाठी सोप्या हिंदुस्थानीत "रहबर" नावाचं पत्र काढत आणि लहानपणी अमीनभाई त्या कामात मदत करत. नुकतंच वाचायला शिकलेल्या माणसाला समजेल असंच लिहायचं, ही सवय तिथे लागली. पुढे माइकवर ती कामी आली. त्यांचं "बहनो और भाइयो" तुमच्या घरातल्या मोठ्यांना अजून आठवत असेल, विचारून पाहा.

दिल्लीतला "च" आणि अकोल्यातला "च"

हा भाग महाराष्ट्राबाहेर वाढलेल्यांसाठी. बाकीच्यांनी गंमत म्हणून वाचा.

देवनागरी एकच असली तरी हिंदी आणि मराठीचे उच्चार वेगळे. मराठीत "चार" आणि "चारा" यांतला च एक नाही. "चार" मधला च टाळूला लागतो, "चारा" मधला दातांजवळ होतो. "माझा" आणि "माझी" म्हणून पाहा, झ बदलतो. "जेवण" आणि "जावई" यांतला ज वेगळा. लिहिताना काही फरक दिसत नाही, कानावर पडल्याशिवाय तो येत नाही. हिंदी शाळेत अक्षरं गिरवलेलं मूल "जावई", "चूल", "जुना" सगळं टाळूला लावून म्हणतं. "ज्ञान" चं "ग्यान" होतं आणि "कृपया" चं "क्रिपया". मराठीत आपण "द्न्यान" आणि "क्रुपया" च्या जवळ जातो. "पैसे" मधला ऐ मराठीत "अइ" सारखा पसरतो, हिंदीत तो आखूड होतो.

आणि ळ. "देवाला माळ घातली" हे वाक्य माझ्या एका मैत्रिणीच्या मुलानं गणपतीच्या कार्यक्रमात "देवाला माल घातली" असं म्हटलं आणि मागच्या रांगेत हशा पिकला. पोरगं पुन्हा माइकजवळ जायला तयार नव्हतं. त्याची चूक नव्हती, त्याच्या आसपास ळ बोलणारं घराबाहेर कुणी नाहीच.

सगळा उच्चार पुणेरी करा असं मी अजिबात म्हणत नाही. माझ्या आजीचं "माह्या" आणि "काऊन" मला कुठल्याही प्रमाण भाषेपेक्षा गोड लागतं. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी वळण आवाजात असेल तर ते लपवायला जाऊ नका. लपवण्याच्या नादातच आवाज आखडतो. पण वळण असणं वेगळं आणि शब्दाचा अर्थच बदलणं वेगळं. काळ आणि काल, माळ आणि माल यांत गल्लत नको. मुलांना सांगताना हसू नका, त्यांच्यासमोर तो शब्द चार वेळा सहज वापरा. पुरे होतं.

कुणाशी बोलताय?

आजीच्या त्या टोमण्यानंतर मी एक प्रयोग केला. कथा आधी वाचून काढली, मग अंक मिटून ठेवला आणि ती कथा फोनमध्ये माझ्या शब्दांत सांगितली. अडखळत, "थांब हं, त्याआधी काय झालं" करत. त्यानंतर लगेच अंक उघडून तीच कथा वाचून रेकॉर्ड केली. दोन्ही एकामागोमाग ऐकलं. सांगताना मी महत्त्वाच्या शब्दावर रेंगाळत होते, बिनमहत्त्वाचं भरभर टाकत होते, सुनेचं नाव घेताना माझा आवाज उतरत होता. वाचताना सगळे शब्द एकाच मापाचे. तुम्ही बाकी काहीही केलं नाही तरी हे एवढं करा: आधी सांगा, मग वाचा. सांगताना आवाज कुठे चढला, कुठे थांबला ते पेन्सिलनं कागदावर खुणा करून ठेवा आणि वाचताना त्या खुणा पाळा. मला यापेक्षा उपयोगी काही सापडलेलं नाही.

दुसरी युक्ती व्हॉइसओव्हरवाले सर्रास वापरतात. ओळीच्या आधी, स्क्रिप्टमध्ये नसलेलं एक वाक्य मनातून नाही, मोठ्यानं म्हणायचं. ओळ आहे, "डाळ दोन तास भिजवून घ्या." तुम्ही म्हणा, "अगं, घाई नको करूस... डाळ दोन तास भिजवून घ्या." नंतर पहिला तुकडा कापून टाका. उरलेली ओळ संभाषणातून उचलल्यासारखी वाटते, कारण ती खरंच संभाषणातली असते. मध्ये अर्ध्या सेकंदाची फट ठेवा, नाहीतर कापताना "डा" पण जातो.

समोर माणूस हवा. "श्रोते" नावाचं कुणी नसतं, त्यामुळे "सर्व श्रोत्यांशी" बोलता येत नाही. एक माणूस निवडा आणि तो मजकुराला साजेसा निवडा. विम्याची माहिती असेल तर कागदपत्रांना घाबरणारा काका, मुलांची गोष्ट असेल तर झोपायला तयार नसलेली भाची. मी मोबाइलच्या मागे भिंतीवर फोटो चिकटवते. मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये रात्री अकरा वाजता भिंतीशी बोलणारी मुलगी पाहून रूममेट सुरुवातीला घाबरली होती, आता तीही आमच्या आजीच्या फोटोला गुड नाइट म्हणते.

आता जोर कुठे द्यायचा ते. "मी काल आईला फोन केला." या पाच शब्दांतल्या प्रत्येकावर आळीपाळीनं जोर देऊन म्हणा. मी केला, भावानं नाही. काल केला, आज नाही. आईला केला, सासूबाईंना नाही. फोन केला, मेसेज नाही. प्रत्येक वेळी वाक्य वेगळं होतं. नवखा माणूस सगळ्यांवर जोर देतो आणि मग कशावरच पडत नाही. एका वाक्यात एक शब्द उचला, फार तर दोन. मराठीनं आपल्याला यासाठी छोटी हत्यारं दिली आहेत: च, तर, ना, की, बरं का. "आईलाच केला" म्हटलं की आवाज चढवायची गरज उरत नाही, "च" नं काम केलेलं असतं. स्क्रिप्ट तुमची असेल तर एखाद-दुसरं हत्यार वापरा. दर वाक्याला "ना" आणि "बरं का" लावलं तर मात्र ते शेजारच्या काकूंची नक्कल केल्यासारखं होतं.

हसून बोललेलं ऐकू येतं, हे खरं आहे. ओठ ताणले की तोंडाच्या पोकळीचा आकार बदलतो आणि आवाज उजळतो. पण चेहऱ्यावर हसू चिकटवून अख्खी स्क्रिप्ट वाचली तर ती साबणाच्या जाहिरातीसारखी होते. हसू यावं आणि जावं. हातही मोकळे सोडा. कागद दोन्ही हातांत धरून बसलात की आवाजही तसाच बसतो. कागद समोर टेकवा आणि फोनवर बोलताना करता तसे हातवारे करा. शक्य तर उभं राहा. मुलांनो, तुमच्या हिंदी "निंजा हातोडी"चा आवाज मेघना एरंडे यांचा, म्हणजे एका मराठी बाईंचा आहे, हे माहीत होतं का? खुर्चीत आरामात रेलून निंजासारखं बोलून पाहा आणि मग गुडघे वाकवून, उडी मारायच्या तयारीत तेच बोला. फरक तुम्हालाच कळेल.

श्वासाची गोष्ट

शरद केळकर हे नाव घेतलं की "बाहुबली" आठवतो. 2015 आणि 2017 च्या दोन्ही हिंदी भागांत प्रभासला त्यांचा आवाज आहे. ग्वाल्हेरला वाढलेला हा मराठी माणूस लहानपणी बोलताना अडखळायचा, तोतरेपणाची चेष्टा सहन करायचा, हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलं आहे. सुरुवातीच्या काळात कॅमेऱ्यासमोर ओळ निघेना म्हणून हातची कामं गेली. मग श्वासावर आणि बोलण्याच्या पद्धतीवर वर्षानुवर्षं मेहनत केली. आज त्याच आवाजासाठी लोक त्यांना शोधत येतात. तुमच्या घरात एखादं मूल अडखळत असेल तर ही हकिकत त्याला जरूर सांगा. सोबत वाचातज्ज्ञालाही भेटा, नुसत्या प्रेरणेनं अडखळणं जात नाही.

आपल्यासारख्यांसाठी श्वासाचा नियम एवढाच: स्वल्पविराम दिसला म्हणून थांबू नका, अर्थ जिथे वळतो तिथे थांबा. बोलताना आपण कल्पना पुरी झाली की श्वास घेतो. कागदावर छोट्या थांब्याला एक तिरकी रेघ, श्वासाला दोन रेघा मारा. श्वास पोटातून घ्या, खांदे वर जात असतील तर तो अर्धवट आहे. आणि नंतर संपादन करताना सगळे श्वास पुसून टाकू नका. मी हौसेनं पुसले होते. ऐकताना मलाच गुदमरायला झालं.

कथेतल्या संवादांबद्दल एक सांगायचंच आहे. म्हाताऱ्याचं वाक्य आलं की आवाज थरथरवू नका. खऱ्या म्हाताऱ्या माणसांचा आवाज बहुधा तसा नसतो. माझी आजी तर अजून गल्लीच्या टोकावरच्या भाजीवाल्याला घरातून हाक मारते. वेग किंचित कमी करा, एवढ्यानं वय कळतं.

घरातला स्टुडिओ

यात फार शिरत नाही. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडा आणि त्याच्याकडे तोंड करून बोला, आवाज घुमत नाही. दिल्लीच्या थंडीत रजई डोक्यावरून घेतली तरी चालतं. मे महिन्यात पंखा बंद करावा लागतो, तेव्हा दहा मिनिटांच्या वर कुणी टिकत नाही, म्हणून छोटे तुकडे करा. फोन तोंडापासून साधारण एक वीत लांब आणि किंचित बाजूला ठेवा, म्हणजे प, फ, ब, भ म्हणताना हवेचा फटका माइकवर बसत नाही. फ्लाइट मोड चालू करा. तोंड कोरडं पडून चिकचिक आवाज येत असेल तर पाणी प्या. बरेच कलाकार हिरव्या सफरचंदाची फोड खातात, मीही खाते. तीन टेक घ्या. विसाव्या टेकपर्यंत गेलात तर सहजता तिसऱ्यालाच निघून गेलेली असते.

आमच्या गल्लीत भाजीवाले आणि भंगारवाले हल्ली स्वतःच्या आवाजात आरोळी रेकॉर्ड करून ठेल्यावरच्या छोट्या भोंग्यातून वाजवतात. माझी अनेक रेकॉर्डिंग त्यांनी बिघडवली. पण खरं सांगू? त्यातला एक कांदे-बटाटेवाला माझ्या ओळखीच्या निम्म्या कलाकारांपेक्षा सहज बोलतो. त्याला स्क्रिप्टच नाही.

कामाचं काय?

मराठी आवाजाला काम आहे. 2017 मध्ये स्टोरीटेल भारतात आलं ते इंग्रजी आणि हिंदीबरोबर मराठी घेऊनच. शिवाय शैक्षणिक व्हिडिओ, जाहिराती, कंपन्यांच्या फोन-सूचना. आमच्या इथून नोएडाची फिल्म सिटी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे "ऑडिशन आहे" असे मेसेज सतत फिरतात. एका एजन्सीनं नोंदणीचे म्हणून माझ्याकडून अडीच हजार घेतले होते. त्यानंतर त्यांचा फोन लागला नाही. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. हे मला घरी शिकवलेलं होतं, तरी मी भरले. तुम्ही भरू नका.

दुसरा धोका नवीन आहे. तुमच्या आवाजाचे नमुने घेऊन यंत्राला तो शिकवता येतो आणि मग तुम्ही न बोललेलं तुमच्या आवाजात ऐकू येतं. अनिल कपूर यांच्या नावा-चेहऱ्याबरोबर आवाजालाही दिल्ली उच्च न्यायालयानं 2023 मध्ये संरक्षण दिलं, आणि अरिजित सिंह यांना मुंबई उच्च न्यायालयानं 2024 मध्ये. ते नामवंत आहेत, त्यांच्याकडे वकील आहेत. आपल्याकडे फक्त करार असतो, म्हणून तो नीट वाचा. आवाज कुठे वापरणार, किती काळ, आणि त्यावर यंत्र प्रशिक्षित करणार का, हे लेखी मागा. "पाच हजार शब्द नुसते वाचून द्या, कशासाठी ते विचारू नका" असं काम आलं तर विचाराच.

आजीचं सांगायचं राहिलं. गेल्या महिन्यात मी तिला सत्ताविसावी व्हॉइस नोट पाठवली. आधी सांगून, मग वाचून, खुणा करून, तिच्या फोटोकडे बघत. चौदा मिनिटांची. मध्ये रूममेटच्या कुकरच्या शिट्ट्या आल्या, पण टेक चांगला जमला होता म्हणून मी तो तसाच पाठवला. पाऊण तासानं तिचा फोन आला. कथेबद्दल एक शब्द नाही.

"तीन शिट्ट्या झाल्या होत्या वं शेवटाले. गॅस बंद केला का नाही ते सांगतलंच नाहीस."